चिठ्ठी कपाटात ठेवू नका
(कांदिवली येथील युवक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज हृदयावर बोलणार आहे. माझ्या भाचीच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं आणि ‘इको करून घ्या’ असं लिहिलेली चिठ्ठी आमच्या घरात आठ महिने कपाटात पडून होती. कारण एकच: “मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल.”

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छिद्र कुठे, किती मोठं, रक्त कुठून कुठे जातं, हे पडद्यावर दिसतं. पूर्वी यासाठी मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी न्यावी लागे. आजही काही मुलांना ती लागते, पण अनेकांचं ऑपरेशन इकोवरच ठरतं.

हाडं आणि फुप्फुसातली हवा ध्वनिलहरी अडवतात. तिथे सीटी किंवा एमआरआय कामाला येतो. सीटी झटपट होतो, पण त्यात क्ष-किरण असतात. एमआरआयमध्ये ते नसतात, मात्र वेळ लागतो. लहान मुलांना बहुधा औषध देऊन झोपवावं लागतं.

इथे माझं क्षेत्र येतं. सीटी हृदयाचे शेकडो पातळ काप दाखवतो. सॉफ्टवेअर ते जोडून त्रिमितीय हृदय उभं करतं. काही बाळांत दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या उजव्या कप्प्यातूनच निघतात. छिद्रापासून महाधमनीपर्यंत आतून बोगदा बांधता येईल का, हे सर्जनला छाती उघडण्याआधी पाहता येतं. मात्र झडपांचे पातळ पडदे या चित्रात नीट उमटत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर सुचवतं, ठरवतात डॉक्टरच.

पण चिठ्ठी कपाटात असेल तर हे सारं व्यर्थ. मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुप्फुसांतला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ते बंद करणंच धोक्याचं ठरतं. भाचीच्या बाबतीत वेळ हातात होता. दर वेळी नसतो.

बाळ दूध पिताना दमत, घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर लगेच दाखवा. 2013 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. रमजानमध्ये जकात गोळा करतो, तशी ही कागदपत्रं भरायलाही घरोघरी जाऊ. आणि चिठ्ठीवर मुलीचं नाव असेल, तर जरा जास्तच घाई करू.