लोहचुंबकाच्या मागें जाणारें औषध

मुलाच्या गुडघ्याला गळूं झालें म्हणजे आई त्याला डॉक्टरांनीं दिलेली गोळी पाण्याबरोबर देते. गोळी पोटांत जाते, तेथून रक्तांत, आणि रक्ताबरोबर मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र. गुडघ्याच्या वांट्याला तिचा येणारा अंश अगदींच थोडा. साध्या औषधाची ही उधळपट्टी शरीर निमूटपणें सोसतें. परंतु औषध विषासारखें जहाल असलें म्हणजे हाच हिशेब रुग्णाच्या जिवावर बेततो. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हें लाल रंगाचें औषध रोगट पेशींना मारतें खरें. पण त्याच फेरींत केस गळतात, नवें रक्त तयार होणें मंदावतें, आणि एकंदर मात्रा वाढत गेली तर हृदयहि दुबळें होतें. एका चोरासाठीं सबंध आळीला झोडपून काढावें, त्यांतलाच हा प्रकार.

मग औषधाला नेमक्या स्थळीं नेऊन थांबवितां येईल काय? इ. स. १९६० मध्यें फ्रीमन, अॅरट व वॉटसन या तिघांनीं असें सुचविलें कीं, लोहाचे अतिसूक्ष्म कण रक्तांत सोडून चुंबकाच्या साहाय्यानें ते हव्या त्या ठिकाणीं जमवितां येतील. पुढें १९७८ च्या सुमारास अमेरिकेंत विडर व सेन्यई यांनीं अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म गोलकांत औषध आणि मॅग्नेटाइट हें लोहाचें ऑक्साइड एकत्र कोंडलें व उंदराच्या शेपटीजवळ चुंबक धरून तें तेथें अडविलें. लोहकण हा हमाल आणि औषध हें त्याच्या डोक्यावरील ओझें, असें म्हटलें तरी चालेल.

हा हमाल मात्र फारच लहान हवा. मोठे कण एकदां चुंबकित झाले कीं परस्परांना चिकटून रक्तवाहिनी तुंबवितील. मॅग्नेटाइटचा कण पुरेसा लहान केला तर चुंबक दूर नेतांच त्याचें चुंबकत्वहि मावळतें. शिवाय चुंबकाला झुंजावें लागतें तें रक्ताच्या ओघाशीं. महाधमनींत रक्त सेकंदाला कित्येक सेंटिमीटर धांवतें. केशवाहिन्यांत तें एक मिलिमीटरहि सरकत नाहीं. म्हणून झडप घालावयाची ती केशवाहिन्यांतच.

१९९६ सालीं बर्लिन येथील ल्युब्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसांवर केलेल्या पहिल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रुग्ण अवघे १४. सर्वांचा रोग बळावलेला, आणि पूर्वीचे उपचार निष्फळ ठरलेले. एपिरुबिसिन हें औषध, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढ्या कणांना जोडून, शिरेंतून देण्यांत आलें व गांठीजवळ चुंबक ठेवण्यांत आला. कणांमुळें इंद्रियांना अधिक इजा झाली नाहीं. परंतु गांठीकडे कण वळवितां आले ते सुमारें निम्म्याच रुग्णांत. हा आंकडा लहान वाटेल; पण ज्यांच्यापुढें दुसरा मार्गच उरला नव्हता, अशांच्या बाबतींत तो मोजलेला आहे.

उरलेल्यांत काय अडलें असावें? टेबलावरील टांचणी बोटभर अंतरावरून चुंबकाकडे उडी घेते, वीतभर अंतरावरून हालतहि नाहीं, हें प्रत्येक शाळकरी मुलगा जाणतो. कातडीजवळची गांठ चुंबकाच्या आटोक्यांत येते. पोटांत खोल दडलेली नाहीं. शिवाय सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञ धर्मोपदेशकानें १८४२ मध्यें मांडलेला सिद्धान्त येथें आडवा येतो. बाहेरील स्थिर चुंबकानें शरीराच्या आंत मध्यावर कण खेंचून स्थिर धरतां येत नाहींत. ते बाहेर, चुंबकाकडेच ओढले जातात. त्यांतच यकृत व प्लीहा यांतील पेशी असले परके कण रक्तांतून टिपून घेतात. सुदैवानें त्यांतील लोह वायां जात नाहीं. शरीर तें हळूहळू आपल्या सांठ्यांत जमा करतें.

वृत्तपत्रांतून या उपचाराचा गाजावाजा पुष्कळ होतो. सर्वसाधारण रुग्णालयांत मात्र तो अद्यापि आलेला नाहीं. कोणी प्रयोगशाळांतून अनेक विद्युत्कुंडलें भोंवतीं मांडून चुंबकाची दिशा क्षणोक्षणीं बदलून पाहतात, तर कोणी रोगस्थळाजवळच्या वाहिनींत चुंबकित होणारी धातूची बारीक जाळी बसवून, खेंचणारी शक्तीच आंत नेऊन ठेवण्याच्या खटपटींत आहेत.