रोजची गोळी, रोजचं डोकं

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी ताट पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत असाल, कुणी बांधावर फोन ठेवून खुरपत असाल. हातातलं काम सोडू नका, ऐकता ऐकता चालू द्या.

आज डोकेदुखीबद्दल बोलायचंय. कुणी म्हणेल, त्यात काय बोलायचं? दुखतं, गोळी घेतली की थांबतं. पण मी ३१ वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काम केलं, आणि याच दुखण्यात एका बाईच्या बाबतीत मी चुकले. तिचं नाव सांगत नाही. पण हे सांगू का, असं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सांगा की, अजून कितीजणी असतील माझ्यासारख्या."

तिचं डोकं सोळाव्या वर्षापासून दुखायचं. महिन्यातून एकदा-दोनदा. एका बाजूनं सुरू व्हायचं, शीर उडावी तसं ठणकायचं, मळमळायचं, उलटी व्हायची. उजेड नको, भांड्याचा आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. ती धान्याच्या खोलीत अंधार करून पडून राहायची. सासूबाई म्हणायच्या, "खुरपणीचे दिवस आले की हिचं डोकं बरोबर उठतं." म्हातारीचं बघणं खरं होतं बरं का. खुरपणीतच दुखायचं. पण त्याचं कारण ऊन, सकाळपासून नुसत्या चहावर काढलेला दिवस आणि पहाटे चारला मोडलेली झोप हे होतं. सासूबाईंनी त्याचा अर्थ कामचुकारपणा असा लावला.

या दुखण्याला आपल्याकडं अर्धशिशी म्हणतात. शिशी म्हणजे बाटली नव्हे. अर्धं शीर, अर्धं डोकं. डॉक्टर मायग्रेन म्हणतात, आणि गंमत अशी की तो शब्दही जुन्या ग्रीक भाषेतल्या अर्ध्या डोक्यावरूनच आलाय. दोन्ही बाजूंनी दुखलं तरी ते मायग्रेन असू शकतं. औषध न घेता ते चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. हे मनाचे खेळ नाहीत, नाटक नाही, कुणी काही केलेलंही नाही. काहींच्या मेंदूची घडणच जरा हळवी असते, आईकडून लेकीकडं येते. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या नसा चेकाळतात आणि ठणका सुरू होतो. लहानपणी मुलामुलींत फारसा फरक नसतो. पाळी सुरू झाली की बायकांमध्ये हे पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं दिसतं. पाळीच्या आदल्या दोन दिवसांत डोकं धरणाऱ्या किती आहात ते तुम्हीच मनात मोजा.

तर ती माझ्याकडं यायची. "ताई, डोक्याची गोळी द्या." मी दहा गोळ्यांची पट्टी द्यायचे. संपली की ती किराणा दुकानातून सुट्या आणायची. अशी वर्षं गेली. ३४ वर्षांची झाली तेव्हा डोकं महिन्यातून दोनदा नाही, रोज दुखायला लागलं होतं. दुखण्याची तऱ्हाही बदलली होती. उठल्याबरोबर डोक्याला दावं बांधल्यासारखं जड. मग चहाबरोबर एक गोळी, दुपारी एक, कधी "आज बाजार आहे, दुखायला नको" म्हणून आधीच एक. मी तिचं बीपी तपासलं, नीट निघालं. डोळे तपासायला पाठवलं, चष्मा लागला, दुखणं तसंच. मी म्हटलं, काळजी करते, म्हणून दुखत असेल. आणि आणखी एक पट्टी दिली.

पुढं तालुक्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला: "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" मी शेजारीच उभी होते. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

मैत्रिणींनो, दुखणं थांबवणारी गोळी फार दिवस घेतली की तीच दुखणं आणते. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी, जिच्यात कॅफिनही असतं, ती १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर ज्याला आधीच अर्धशिशी आहे त्याचं डोकं रोजच दुखायला लागू शकतं. गोळीचा अंमल उतरला की डोकं पुन्हा मागतं. मिश्रीचं तसंच आहे ना? लावली नाही की डोकं धरतं, लावली की उतरतं, आणि बाई म्हणते मिश्रीनं मला बरं वाटतं. शिवाय आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

किती गोळ्या होतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं. ज्यावर आपण दुधाचा हिशेब लिहितो, तेच. डोकं दुखलं त्या तारखेला गोल, गोळी घेतली की फुली, पाळी आली की रेघ. लिहितावाचता येत नसलं तरी अडत नाही. महिनाअखेरीला २६ गोल आणि २४ तारखांना फुली. ती बघतच राहिली. म्हणाली, "दूध एवढ्या दिवस घातलं नाही, तेवढ्या दिवस गोळ्या खाल्ल्या."

डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगितली. तिची गोळी साधी होती, म्हणून एकदम थांबवता आली. काही गोळ्या हळूहळूच सोडाव्या लागतात, तेव्हा हे विचारल्याशिवाय करू नका. पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं जास्तच दुखलं, उलट्या झाल्या, झोप नाही. हे होणार असं आधी सांगून ठेवलेलं होतं, नाहीतर तिनं तिसऱ्या दिवशी दुकान गाठलं असतं. ते आठ दिवस तिच्या जावेनं भाकऱ्या थापल्या. खरं औषध ते, असं मला अजून वाटतं.

सोबत डॉक्टरांनी रोज घ्यायचं एक औषध सुरू केलं. ते दुखणं मारण्यासाठी नसतं, येऊच नये म्हणून असतं. महिन्यातले चार किंवा जास्त दिवस अर्धशिशीत जात असतील, तर असं औषध मिळतं का ते विचारा. इथं दोन अडचणी येतात. एक, गुण यायला दोन महिने लागतात आणि आपल्या बायका पंधरा दिवसांत सोडतात. दुसरी, त्यातलं एक औषध मुळात बीपीसाठी वापरतात, दुसरं उदासीच्या आजारात. मग शेजारचा शिकलेला पोरगा पट्टी वाचतो आणि म्हणतो, "काकू, ही तर वेडाची गोळी आहे." नाही रे बाबा. तेच औषध कमी मापात अर्धशिशीवर चालतं. दमा असेल, दिवस राहिलेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे औषध त्याप्रमाणे निवडतात.

याचा अर्थ दुखताना गोळी घ्यायचीच नाही असा नाही. घ्या, पण ठणका चढायच्या आत, दोन घास खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आणि आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. तिसऱ्या दिवशी लागली, तर दुकान नाही, दवाखाना. पोटुशी असाल, तर कुठलीही गोळी मनानं नको.

आता उपवास. सोडा म्हणत नाही, माझीच आई ऐकायची नाही. पण रिकामं पोट हे अर्धशिशीचं फार मोठं निमित्त आहे. आमच्याकडं जुनी माणसं पहाटे दूध-जिलेबी खायला सांगायची. मला वाटतं त्यात खरं औषध सकाळी पोटात काहीतरी जाणं हेच असावं. म्हणून निर्जळी नको. सकाळीच राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे, दूध, केळं. पाणी भरपूर. उन्हात डोक्यावर पदर नाहीतर टोपी. झोपेची वेळ एक. लग्नाच्या वऱ्हाडात रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलं, तरी डोकं उठतं. चुलीचा धूर, अगरबत्ती, फवारणीचा वास, डीजे, यातलं तुम्हाला काय बाधतं ते कॅलेंडर सांगेल. प्रत्येकीचं वेगळं असतं. सुंठीचा लेप, थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा.

एक गोष्ट खास सांगायची आहे. डोकं दुखायच्या आधी कुणाच्या डोळ्यांपुढं चमचमणाऱ्या नागमोडी रेषा येतात, अर्धं दिसेनासं होतं, हाताला-ओठाला मुंग्या येतात, आणि तासाभरात जातं. अशी अर्धशिशी असेल आणि तुम्ही माला-एनसारख्या रोजच्या पाळणा गोळ्या घेत असाल, तर नर्सताईला आजच सांगा. अशा बाईला त्या गोळ्यांनी मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा होण्याचा धोका वाढतो. तिच्यासाठी तांबीसारखी दुसरी साधनं आहेत. नर्सताई विचारायला विसरते. मी विसरले होते, म्हणून म्हणते.

आणि काही डोकेदुख्या अर्धशिशी नसतात, तिथं थांबायचं नाही. वीज कडाडावी तसं क्षणात आलेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं. सोबत ताप आणि मान ताठ. एक हात-पाय लुळा, बोबडी, फिट, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. पोटुशीला पाचव्या महिन्यानंतर डोकं दुखून अंधुक दिसतंय, तोंडाला सूज आहे, तर बीपी लगेच तपासा. बाळंतिणीचं डोकं दुखायचं थांबत नसेल, तर "बाळंतवारा लागला" म्हणून घरात ठेवू नका, आणि तिचं पाणी तोडू नका. १०८ ला फोन करा, पोटुशी-बाळंतिणीसाठी १०२ सुद्धा आहे.

परवा त्या बाईकडं गेले होते. अर्धशिशी गेलेली नाही, ती जात नाही, आवाक्यात येते. भिंतीवर या महिन्याच्या पानावर चार गोल होते आणि तीन फुल्या. चौथ्या गोलाला फुली का नाही म्हणून विचारलं. म्हणाली, "त्या दिवशी वेळेत जेवले आणि झोपले. सासूबाई म्हणाल्या, पड तू, खुरपणी उद्या होईल."

पुढच्या बुधवारी याच वेळी पाळीतल्या अंगदुखीबद्दल बोलू. येते. नमस्कार.