सोयरीक जुळविण्यापूर्वी रक्ताची तपासणी



विष्णुपुरीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. तरीही सोयरीक जुळविताना आपण नोकरी, शेती, नातेगोते विचारतो. रक्ताची तपासणी विचारत नाही.

सिकलसेल हा आजार विदर्भातील आदिवासींप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. किनवट-माहूर ओलांडले की यवतमाळ जिल्हा लागतो आणि आपल्या सोयरिकी तिकडे होतच असतात. या आजारात हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात एक लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. मग हाडे-सांधे ठणकतात, रक्त कमी होते. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले.

असा जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस वाहक असतो, रोगी नव्हे. तो शेतात राबतो, शिकतो, नोकरी करतो. हिवतापाच्या मुलखात वाहक माणसे त्या तापाने कमी दगावली, म्हणून हा जनुक टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. तेव्हा याला 'हलके रक्त' म्हणणाऱ्याला विज्ञान ठाऊक नाही.

प्रश्न येतो तो दोन्ही वाहक एकत्र आले की. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रोगी मुलाची असते. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दोष सुनेच्या माथी मारणे तर निव्वळ अन्याय, कारण जनुक दोन्हीकडून आलेला असतो. मामाची मुलगी करण्याच्या रीतीत एकाच घराण्याचा जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचा धोका वाढतो.

पहिली साधी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करीत नाही; तो इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतो. म्हणून पहिल्या चिठ्ठीवर सोयरीक मोडू नका. रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ही तपासणी कॉलेजात असतानाच करून घ्या, मुलांनी आधी. एकदा बोलणी सुरू झाली की तपासायला फक्त मुलीलाच पाठवितात.