एक फोन आणि दोन मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'ऑनलाइन शिक्षण आणि आपण' हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई, शिक्षणावर काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे झाले ते सांगा. बाकीचे आमच्या आम्ही समजून घेऊ." तेव्हा घरातलेच सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती चारचौघींत सांगायला जड जाते, पण ती वगळली तर ह्या विषयावर मला सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ते दिवस आपण कोणीच विसरलेल्या नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली ती फोनवर. माझा थोरला त्या साली दहावीत होता आणि धाकटी सातवीत. घरात मोठा फोन एकच. ह्यांच्याजवळ दुसरा होता तो बटणांचा. हे कापडाच्या दुकानात कामाला. दुकान बंद, पगार अर्धा. नवा फोन घेण्याची गोष्ट काढायची सोय नव्हती.

दोघांच्या वर्गाची वेळ एकच, सकाळी दहा. पहिल्याच दिवशी दोघे वह्या घेऊन फोनपुढे बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटले, "दादाचे दहावीचे वर्ष आहे. फोन त्याला." ह्यांनी विचारले, "आणि हिचे?" मी म्हटले, "हिची सातवी तर आहे. रात्री पाहील."

भगिनींनो, 'सातवी तर आहे' हे शब्द माझे. माझी शाळा सातवीतच सुटली, आणि सुटली तेव्हा माझ्या आईनेही असेच काहीसे म्हटले होते. तिचे शब्द माझ्या तोंडी आले आणि मला ते ओळखूही आले नाहीत.

रात्र व्हायची, पण रोजचे दीड जीबी इंटरनेट थोरल्याच्या वर्गातच दुपारपर्यंत संपलेले असायचे. धाकटीने कधी तक्रार केली नाही. तिच्या मैत्रिणी सोडवलेल्या गणितांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकीत. त्यावरून ती वही उतरवून काढी. मी वही पाहायची. अक्षर टपोरे, समास नीट सोडलेला, खाडाखोड नाही. मला वाटे, पोरगी शिकते आहे.

मधूनमधून तिच्या गणिताच्या बाईंचा निरोप येई : 'आपली पाल्य वर्गात दिसत नाही.' मी हात जोडल्याचे चित्र पाठवी आणि लिही, 'बाई, नेट नाही.' हे निम्मे खरे आणि निम्मे खोटे होते.

२७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरू लागले. धाकटी वेणीफणी करून, तोंडाला मास्क बांधून मोठ्या हौसेने गेली. परत आली ती काही न बोलता माजघरात जाऊन बसली. जेवली नाही. त्या दिवशी वर्गात बाईंनी फळ्यावर उणे तीन गुणिले उणे चार असे मांडून तिला उत्तर विचारले होते. वहीत तिने तसली चाळीस गणिते बरोबर लिहिली होती. फळ्यापुढे तिला एकही करता आले नाही.

संध्याकाळी बाई स्वतः आमच्या दारात आल्या. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, मी रागवायला आले नाही. मलाही हे काही येत नव्हते."

मग त्यांनी आपली हकीगत सांगितली. त्यांची नोकरी संपायला तेव्हा दोनच वर्षे उरली होती. सारा जन्म खडू-फळ्यावर गेलेला. फोन समोर उभा कसा करायचा हेही कळेना, म्हणून पोह्यांच्या डब्याला टेकवून शिकवायच्या. त्याच साली पुण्याच्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला फोन बांधून खालच्या फळ्यावर शिकवल्याचे चित्र गावोगाव फिरले होते, ते आपणही पाहिले असेल. बाईंनी ते पाहून तसा प्रयोग केला, तर फोन दोनदा खाली पडला. एकदा आवाज बंद करायला विसरल्या आणि 'दूध उतू चाललंय!' हे सगळ्या वर्गाने ऐकले. मुले आठ दिवस हसत होती. शेवटी, ज्या मुलाला त्या वर्षभर बाकावर उभा करीत, त्यालाच त्यांनी फोन करून विचारले, "बाळ, हे कसे करायचे ते मला शिकव." तो रोज संध्याकाळी त्यांना एकेक गोष्ट शिकवू लागला. बाई म्हणाल्या, "विचारायची लाज सोडली त्या दिवसापासून मला येऊ लागले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी मी कागद पोचवते. पण तुमच्या घरी फोन आहे, ताई."

एवढेच बोलल्या. मला उत्तर सुचले नाही.

पुढे काय झाले तेही ऐका. ज्या दहावीच्या परीक्षेसाठी मी धाकटीच्या हातातला फोन काढून घेतला, ती परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्दच झाली. नववीच्या गुणांवर आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. थोरला पास झाला, त्याचा आनंद आहेच. पण रद्द झालेल्या परीक्षेपायी एका पोरीचे वर्ष गेले, हे मला विसरता येत नाही.

मला वाटत होते, असे आमच्याच घरी झाले असेल. पण 'प्रथम' संस्थेचा 'असर' म्हणून एक अहवाल निघतो, त्यातले आकडे बाईंनी मला दाखवले. खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ साली सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२१ साली तो सुमारे ६८ टक्के घरांत आला. मात्र फोन असलेल्या घरांतही चारांतल्या सुमारे एका मुलाला तो अभ्यासाला मिळत नव्हता. फोन घरात येणे वेगळे आणि मुलाच्या हातात येणे वेगळे. हे शेवटचे अंतर सरकार कापू शकत नाही. ते घरातल्या बाईलाच कापावे लागते.

थोड्याच आठवड्यांत साथ पुन्हा वाढली आणि शाळा बंद झाल्या. ह्या वेळी मात्र मी बाईंना म्हटले, "मला शिकवा, म्हणजे मी हिच्याजवळ बसेन." बाईंनी काय दाखवले ते सांगते, कारण ते आजही आपल्या उपयोगाचे आहे. बालभारतीच्या पुस्तकात काळा-पांढरा चौकोनी ठसा छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. सरकारचे 'दीक्षा' नावाचे अ‍ॅप आहे, ते २०१७ साली निघाले. त्यातून तो ठसा टिपला की त्या पुस्तकाचे धडे समजावणारी चित्रफीत निघते. पैसे पडत नाहीत. शिवाय चित्रफीत एकदा फोनमध्ये उतरवून ठेवली की पुढे इंटरनेट नसले तरी चालते. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' नावाची मालिका लागत होती. घरात टीव्ही होता, तरी मी तो पोरखेळ समजून बंद करीत होते!

रात्री नऊला भांडी आवरली की आम्ही मायलेकी सातवीचे पुस्तक घेऊन बसू लागलो. फोनचा एक गुण मला फार आवडला. समजले नाही तर त्याला थांबवता येते, पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावता येते, आणि तो कंटाळत नाही. पण त्याचा दोषही तिथेच दिसला. मुलीच्या चेहऱ्यावर 'कळले नाही' असे उमटले तरी फोनला ते दिसत नाही. ते जवळ बसलेल्या माणसालाच दिसते, मग ते माणूस सातवी शिकलेले का असेना.

उणे गुणिले उणे म्हणजे अधिक कसे, ह्यावर आम्ही दोघी चार रात्री अडलो. चित्रफीत तीनदा पाहिली. शेवटी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उणे चार म्हणजे चार रुपयांचे कर्ज समजा. तुमच्या डोक्यावरून अशी तीन कर्जे कोणी काढून नेली, तर तुम्ही बारा रुपयांनी वर आलात की नाही?" लगेच डोक्यात प्रकाश पडला. व्यस्त प्रमाण मात्र मीच धाकटीला समजावले. पोळ्या लाटायला हात वाढले की वेळ कमी लागतो, हे मला कोणी शिकवायला नको होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला ठाऊक आहेत. पुस्तकात असे ठसे आणण्याच्या त्यांच्या कामासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या प्रयत्नांसाठी त्यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. एवढे मोठे बक्षीस त्यांनी वाटून घेतले, आणि मला एक फोन दोन मुलांत वाटता आला नव्हता.

आता शेवट गोड झाला असे तुम्हांला वाटेल, पण खरे तेच सांगते. धाकटी २०२४ साली दहावी झाली. गणितात काठावर पास. विज्ञानाला जायचे का म्हणून विचारले तर म्हणाली, "नको आई, त्यात गणित असतं." कला शाखेला गेली. हसतखेळत असते आणि मला कधी बोलून दाखवत नाही. पण सहावीपर्यंत ह्याच पोरीचा गणितात वर्गात पहिला-दुसरा नंबर असे, हे मला माहीत आहे. गेलेले सगळे परत भरून निघत नाही.

ह्या जुन्या गोष्टी आज उगाळायचे कारण असे की, शाळा पूर्ववत भरू लागल्या तरी फोनचे राज्य संपलेले नाही. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन होतात. घरातला फोन कोणाच्या हाती, ह्यावर अजून पुष्कळ काही ठरते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपली ही खोली दुपारी दोन ते पाच रिकामी असते. ज्यांच्या घरी जुना पण चालता फोन पडून आहे त्यांनी तो मंडळाला द्यावा. तीन-चार फोन पुरेत. त्यांत पुस्तकांच्या चित्रफिती उतरवून ठेवू. भिशीसाठी ठेवतो तशी एक वही ठेवू, तिच्यात पाळी लिहू. मुलगी असो वा मुलगा, जो आधी नाव घालील त्याची पाळी आधी. आणि रोज आपल्यापैकी एकीने तिथे बसावे. शिकवता आले नाही तरी चालेल, कोणाला कळले नाही एवढे पाहता आले की पुरे. अडले तर विचारायला आमच्या बाई तयार आहेत. आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि पोह्यांच्या डब्यात पुन्हा पोहेच ठेवतात.

सोमवारची पाळी माझी. पहिला फोनही मीच आणून देते. तोच तो, २०२० सालचा. काचेला एक तडा आहे, पण चालतो.