अजिंठ्याच्या प्रती काढणारा जपानी चित्रकार : अराई काम्पो
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आज आम्ही एका जपानी चित्रकाराची माहिती तुमच्यापुढे ठेवणार आहोत. नाव अराई काम्पो. बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल, पण आपल्या मुलाबाळांना ते माहीत असायला हवे.

काम्पो यांचा जन्म १८७८ चा, जपानच्या तोचिगी प्रांतातला. तोक्योत ते मिझुनो तोशिकाता यांच्याकडे चित्रकला शिकले. जुन्या चित्रांच्या हुबेहूब प्रती काढण्यात त्यांचा हात बसला होता. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले असता त्यांना शिमोमुरा कान्झान यांचे एक चित्र फार आवडले. त्याची प्रत काम्पोंनी काढली. मग टागोरांनी त्यांना कलकत्त्याला बोलावले आणि तरुण चित्रकारांना जपानी कुंचल्याचे काम शिकवायला लावले.

१९१७-१८ मध्ये काम्पो अजिंठ्याला आले. कोसेत्सु नोसु हे चित्रकारही त्या कामात होते. लेण्यांत अंधार, आणि मातीच्या गिलाव्यावरचे रंग ठिकठिकाणी निखळलेले. अशा भिंतींसमोर बसून त्यांनी रेघ न् रेघ कागदावर उतरवली.

बंधू-भगिनींनो, अजिंठ्याच्या प्रतींचे नशीब ऐका. रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या बऱ्याच प्रती १८६६ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स यांच्या कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. काम्पो मंडळींच्या प्रती तोक्योच्या विद्यापीठात होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही नष्ट झाल्या. एवढ्या मेहनतीची राख झाली! मूळ चित्रे मात्र अजिंठ्यात राहिली.

पुढे १९४० मध्ये जपानच्या होर्यूजी या प्राचीन बुद्धमंदिरातील भित्तिचित्रांच्या प्रती काढायचे ठरले. साठी ओलांडलेले काम्पो पुन्हा भिंतीपुढे बसले. १९४५ मध्ये ते गेले, काम अपुरेच होते. २६ जानेवारी १९४९ ला त्या मंदिराला आग लागली आणि भिंतीवरची चित्रे करपून गेली. या वेळी मूळ गेले, प्रती राहिल्या. पुढे चित्रे नव्याने रंगवताना त्या प्रती कामी आल्या. तेव्हापासून जपान जागा झाला. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो, त्याच दिवशी तिकडे मंदिरांतून आग विझवण्याचा सराव होतो.

नोसु यांनी १९३२ ते १९३६ या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात बुद्धचरित्र रंगवले. सारनाथला जाल तेव्हा त्या भिंतींपुढे थोडे थांबा.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेव्हा मातीखालून स्तूप निघाला. दगड टिकला. पण आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी काही दगडावर कोरलेल्या नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेला कोण कोण गेले, कसे गेले, हे सांगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. जुने फोटो पेटीत ओल धरून आहेत. म्हणून समितीला आमची विनंती आहे : या वर्षी घरोघरी जाऊन त्या आठवणी लिहून घ्याव्यात, फोटोंच्या प्रती काढाव्यात, आणि एक संच विहारात तर दुसरा वेगळ्या ठिकाणी ठेवावा. एकाच जागी ठेवले तर काय होते, हे वर सांगितलेच आहे.