जुनी बोट घेताना: केबिनमध्ये अर्धा तास बसून पाहा

बुकित पंजांगहून तुमच्याशी बोलतेय. मलय भाषेत 'बुकित पंजांग' म्हणजे लांब टेकडी. आमच्या बाल्कनीतून एलआरटी दिसते, समोरच्या ब्लॉकचे बांबूवर वाळत घातलेले कपडे दिसतात, समुद्र काही दिसत नाही. तरीही मुलं जरा मोठी झाली, चार पैसे शिल्लक राहू लागले की काही घरांत जेवताना हळूच विषय निघतो, "आपण एखादी बोट घेऊया का? नवी नको, जुनी चालेल." आमच्याकडे निघाला होता. तुमच्याकडे निघाला असेल, तर आजची दहा मिनिटं तुमच्यासाठी.

आम्ही पाहायला गेलो ती बोट बत्तीस फुटी होती, चौदा वर्षांची. आत दोन पेट्रोल इंजिनं, एक जनरेटर, एसी, छोटंसं स्वयंपाकघर, पुढच्या बाजूला झोपायची केबिन. गाद्या नव्या, पॉलिश चकचकीत. माझा नवरा तर सुकाणूवर हात ठेवताक्षणीच मालक झाला होता. अलिबागहून माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही सोबत घेतलं. शनिवारी सकाळी पाण्यात चक्कर मारायची ठरली. आम्ही दोघं मालकाबरोबर वर उभे. सासूबाई आणि आमची नऊ वर्षांची लेक खाली एसीत बसल्या.

वीसेक मिनिटांनी लेक म्हणाली, डोकं दुखतंय, मळमळतंय. मालक हसून म्हणाला, "बोट लागली असेल, सवय होईल." आम्हीही माना डोलावल्या. तेवढ्यात सासूबाई तिला दंडाला धरून वर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बोट लागलेली नाही हिला. रेवसच्या लाँचमध्ये मशीनच्या बाजूला बसलं की असंच व्हायचं आम्हाला. खाली धूर येतोय." मोकळ्या हवेत लेकीला हळूहळू बरं वाटलं. त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही.

नंतर आम्ही नेमलेल्या सर्वेअरने इंजिनाचा धूर बाहेर नेणारा कोपराच्या आकाराचा पाइप दाखवला. त्याला चीर गेली होती, भोवती काजळी जमली होती. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं बोट लागल्यासारखीच, त्यामुळे माणूस फसतो. मालकाला हे माहीत नव्हतं म्हणे, आणि ते खरंही असेल. कारण तो कधी खाली बसतच नसे.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट सांगत आले आहे. कुटुंबासाठी बोट निवडताना सुकाणूवरच्या माणसाच्या जागेवरून निवडू नका. जो सर्वांत खाली, सर्वांत आत, डोळे मिटून पडणार आहे, त्याच्या जागेवरून निवडा.

म्हणजे नेमकं काय करायचं? चाचणीच्या फेरीत घरातल्या एका मोठ्या माणसाने केबिनमध्ये अर्धा तास बसायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत न्यायचा आणि पहिल्या फेरीला मुलांना घरीच ठेवायचं. दार-खिडक्या आपण एरवी ठेवू तशाच ठेवायच्या, एसी आणि जनरेटर चालू. बोट थोडा वेळ अगदी हळू चालवायला सांगा आणि थोडा वेळ वारा मागून येईल अशी. बोट पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी होते, आणि मागचं दार उघडं असलं तर आपलाच धूर आत ओढला जातो. इंजिन धडधाकट असलं तरी हे होऊ शकतं. अलार्म वाजला किंवा डोकं जड झालं, तर ताबडतोब वर या. फेरी तिथेच संपवा.

पेट्रोलचं इंजिन बोटीच्या पोटात असेल, तर ते सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं पंखा लावून आतली पेट्रोलची वाफ बाहेर काढावी लागते. मालक असं करतो का, ते गप्प राहून पाहा. तो न करता चावी फिरवत असेल, तर बाकीच्या बाबतीतही तो घाईचाच असणार. डिझेलची वाफ अशी सहज पेट घेत नाही, म्हणून केबिनच्या मोठ्या बोटींना बरेच जण डिझेल पसंत करतात. आणि इंजिन बोटीच्या मागे बाहेर लटकवलेलं असेल, तर पोटात इंजिनाची भानगडच नाही.

आता इंजिनाची तपासणी. पोहोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनाला हात लावा. ते गार असलं पाहिजे. गरम असेल, तर आपण येण्याआधीच कोणीतरी ते मनवून ठेवलंय. सुरू झाल्यावर मागे उभं राहून धूर बघा. सतत निळसर येत असेल तर तेल जळतंय. काळा येत असेल तर इंजिनावर ताण आहे किंवा त्याला हवा पुरत नाही. तेलाची कांडी ओढा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. आणि इंजिन कमी तास चाललंय म्हणून हुरळू नका. दहा वर्षांच्या बोटीवर दीडशे तास म्हणजे वर्षाला पंधरा. बाकीचा वेळ ती खाऱ्या, दमट हवेत उभीच होती. उभ्या इंजिनाला गंज चढतो, रबराचे भाग कडक होतात.

मग गुडघ्यावर बसा आणि जमिनीच्या फळ्या उचलायला सांगा. तळाशी पाणी साचण्याचा जो खळगा असतो, त्याला बिल्ज म्हणतात. तिथे तेलाचा तवंग, डिझेलचा वास, मातकट पाणी दिसलं तर विचारा, कुठून आलं? पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो का, त्याचा तरंगता बटण-फुगा हाताने उचलून पाहा. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळांच्या चाव्या फिरवून पाहा. अडकलेली चावी वेळेवर बंद होणार नाही. डेकवर अनवाणी चाला. पायाखाली मऊ लागलं, तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. शेवटी बोट पाण्याबाहेर काढून तळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्वेअर आपण नेमलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आता थोडं इथल्या पाण्याबद्दल. आपल्यातल्या बहुतेकांची सहल म्हणजे लाझरस, सेंट जॉन्स, कुसू, नाहीतर पुलाऊ हांतू. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. रात्रीच्या मुक्कामाची केबिन किती वेळा वापरणार, ते प्रामाणिकपणे मोजा. आम्ही मोजलं, वर्षातून दोनदा. शिवाय इथे एप्रिल ते नोव्हेंबर पहाटे किंवा सकाळी सुमात्राकडून वादळी पाऊस येतो, ताशी ४० ते ८० किलोमीटरचे झोत घेऊन. जगातला एक सर्वांत गर्दीचा जहाजमार्ग शेजारूनच जातो. अशा वेळी मुलांना आत बसवता येईल आणि आत हवा येत राहील, एवढी केबिन पुरे. तीत झुंबर नको. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं मात्र हवीत, मोठ्यांची आवळून चालत नाहीत.

कागदपत्रं. बोटीचा परवाना एमपीएचा, म्हणजे इथल्या बंदर प्राधिकरणाचा. तो कोणाच्या नावावर आहे, चालू आहे का, किती माणसांना परवानगी आहे, हे पाहा. तळावरचा आणि इंजिनांवरचा क्रमांक कागदांशी ताडा. बोटीवर कर्ज नाही, हे लेखी घ्या. बाहेरून आणलेली असेल, तर इथला जीएसटी भरल्याची पावती मागा. चालवणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा आहे. बाटाम किंवा बिंतानला जायचं म्हटलं, तर बंदराची परवानगी आणि इमिग्रेशन आलंच.

आणि पैसे. बोटीची किंमत एकदाच द्यायची असते, पण बोट उभी करण्याचं भाडं दर महिन्याला. आपल्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये काही ती लावता येत नाही! पश्चिमेला तुआसच्या मरीनापर्यंत इथून गाडीने अर्धा तास तरी लागतो. जागा बोटीबरोबर मिळते की नव्याने रांगेत उभं राहायचं, हे आधी विचारा. भाडं फुटावर असतं, म्हणून प्रत्येक फूट महाग. शिवाय विमा, तळाचा रंग, जस्ताचे तुकडे, सर्व्हिस. वर्षभराची बेरीज कागदावर मांडा आणि ती घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला बोट नकोच आहे. त्याचे प्रश्न सगळ्यात कामाचे असतात.

आम्ही ती बत्तीस फुटी घेतली नाही. मालकाने पाइप बदलून किंमतही उतरवली, पण लेकीचा त्या दिवशीचा चेहरा उतरला नाही डोळ्यांसमोरून. आठ महिन्यांनी एक चोवीस फुटी मिळाली, मागे बाहेर बसवलेलं एकच इंजिन, जनरेटर नाही, एसी नाही, केबिनला दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या. सगळ्या पाहुण्यांना एकदम नेता येत नाही, म्हणून नवरा अजून अधूनमधून उसासा टाकतो. सासूबाईंनी नारळी पौर्णिमेला नारळ घरीच फोडला, कारण इथल्या पाण्यात नारळ टाकला तर दंड कोण भरणार, हा त्यांचाच प्रश्न. मग सुकाणूला हळदकुंकू लावलं. आणि केबिनमध्ये जाऊन, दार ओढून, घड्याळ बघत अर्धा तास बसल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता पोरीला झोपू दे इथे."

तुम्ही या रविवारी एखादी जुनी बोट पाहायला जाणार असाल, तर तुमच्या घरातल्या अशाच कोणाला तरी सोबत न्या. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.