जॅकवर गाडी? मग खाली शिरू नका!

मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. पावसाळ्यात खालची माती बसते. परवा टायर बदलताना माझा जॅक तिथेच तिरका झाला आणि गाडी खाली आली. मी बाजूला होतो, म्हणून आज बोलतोय.

आता माझा नियम ठरलाय. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करायचे. जॅकखाली जाड फळी. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची.

आणि गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. खाली शिरायचं तर जॅक स्टँड हवेतच. नसतील, तर सरळ गॅरेज गाठा. ऑइल उद्याही बदलता येतं!